रुसायला आपलं माणूस लागतं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य या गावातल्या मुलांना मराठी शिकवण्यात घालवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. त्यामुळे कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. साहित्यावर आणि संस्कृतीवर बोलणारे मोठे वक्ते इथे येऊन गेले आहेत. मी वर्गाविषयी बोलणार आहे, आणि वर्गातल्याही एकाच कामाविषयी : पाचवी ते आठवीच्या मुलांना नवे शब्द कसे शिकवावेत, आणि त्या तासाची मुलांनी वाट पाहावी असं काही करता येईल का.

पाचवी ते आठवीच का, हे आधी सांगते. चौथीपर्यंत पुस्तकात भेटणारे बहुतेक शब्द मुलाच्या कानावरून कधी ना कधी गेलेले असतात. ओळखीचा शब्द कागदावर ओळखायचा, एवढंच तेव्हा त्याला करायचं असतं. पुढे चित्र पालटतं. पाचवीपर्यंतचा परिसर अभ्यास सहावीत वेगवेगळा होतो. सामान्य विज्ञान येतं, भूगोल येतो, इतिहास आणि नागरिकशास्त्र येतं. 'सार्वभौम', 'विकेंद्रीकरण', 'लोकसंख्येची घनता' हे शब्द घरात कुणी बोलत नाही. मूल खडखडीत वाचतं आणि वाचलेलं काय, ते त्याला सांगता येत नाही. प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, 'वाचन चांगले, आकलन कमी'. अशा मुलांशी बसून मी धडे वाचले आहेत. वाक्याचा सांगाडा त्यांना कळतो, विचारही त्यांच्या आवाक्यातला असतो. मधले दोन शब्द आडवे येतात आणि तिथे गाडी थांबते.

आता आपल्याकडे शब्दांचा तास कसा होतो ते पाहू. धडा वाचून झाला की फळ्यावर दोन रकाने पडतात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मुलं ते वहीत उतरवतात, चाचणीच्या आदल्या रात्री पाठ करतात, दुसऱ्या दिवशी लिहितात, आणि चौथ्या दिवशी ते कुणाच्याही डोक्यात राहिलेले नसतात. अशाच एका रकान्यात लिहिलं होतं, 'कृश : बारीक'. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर एका मुलानं लिहिलं, 'मी पेन्सिलीला टोक काढून ती कृश केली.' बाईंनी वाक्यावर फुली मारली. त्या मुलाचा विचार मात्र अगदी सरळ होता. कृश म्हणजे बारीक, असं त्याला सांगितलेलं होतं आणि टोक केल्यावर पेन्सिल बारीक होते. रकान्यानं जे सांगितलं ते त्यानं तंतोतंत केलं. 'बारीक' हा मराठीतला केवढा पसरलेला शब्द आहे! माणूस बारीक असतो, अक्षर बारीक असतं, दळण बारीक असतं, अंगात बारीक ताप असतो, आणि आईचं आपल्यावर बारीक लक्ष असतं. 'कृश' यांतल्या एकाच ठिकाणी जातो, देहापाशी. तोही आजारानं, उपासानं किंवा म्हातारपणानं खंगलेल्या देहापाशी. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. 'मग आपल्या वर्गातला बारीक मुलगा कृश आहे का?' एवढं विचारलं तरी मुलं आपसांत बोलू लागतात. रकान्यात त्या दोन मिनिटांना जागा नाही.

हे एकट्या मराठीच्या तासाचं दुखणं नाही, आणि त्यावर इतरत्र पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात चौथीतल्या मुलांवर प्रयोग केले. काही शब्द मुलांना चार वेळा भेटतील अशी व्यवस्था केली, काही बारा वेळा. चार भेटींत मुलं अर्थ सांगू लागली. पण तो शब्द असलेला उतारा वाचताना नीट समजावा, यासाठी बारा भेटी लागल्या. आणि त्या भेटींत शब्द वापरावा लागत होता, त्यावर बोलावं लागत होतं. १९९९मध्ये नेदरलंड्समधल्या स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या अभ्यासकांनी तोवरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. सहज वाचनात भेटलेल्या १०० अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५च्या आसपास शब्द मुलांच्या पदरी पडतात, असं त्यांना दिसलं. भाषा वेगळी आहे, मुलं वेगळी आहेत, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही त्यातली गोष्ट ओळखीची वाटेल. 'वाचा म्हणजे शब्द येतील' हा सल्ला खरा आहे, पण एकट्यानं पुरत नाही. आणि एकदा अर्थ सांगून टाकला म्हणजे शब्द शिकवून झाला, असंही होत नाही.

बेक यांनी आणखी एक उपयोगी गोष्ट केली. शब्दांचे तीन थर मानले. पहिला थर घरातल्या बोलण्याचा. तो शिकवावा लागत नाही. तिसरा थर एकेका विषयाच्या परिभाषेचा, म्हणजे 'बाष्पीभवन', 'परागीभवन' वगैरे; तो त्या त्या विषयाचे शिक्षक शिकवतातच. या दोहोंच्या मधे एक थर आहे. हे शब्द शिकल्यासवरल्या बोलण्यात, वर्तमानपत्रात आणि सगळ्याच विषयांच्या पुस्तकांत येतात, आणि ते शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. 'अनुक्रमे', 'किमान', 'वगळता', 'परिणामी', 'दरम्यान', 'गृहीत धरणे', 'तारतम्य', 'अपरिहार्य'. एक साधं गणित घ्या : अ आणि ब यांच्याकडे अनुक्रमे ४० आणि ६० रुपये आहेत. ज्याला 'अनुक्रमे' माहीत नाही, त्याला ही रक्कम कुणाची किती ते ठरवता येत नाही. त्याचं उत्तर चुकतं, आणि घरी-दारी सगळे म्हणतात की पोराचं गणित कच्चं आहे. भूगोलात 'कमाल तापमान' वाचून एका मुलीनं मला विचारलं होतं, 'बाई, यात कमाल काय झाली?' प्रश्न अगदी रास्त होता. तिच्या घरात 'कमाल' आश्चर्यालाच म्हणत होते. गणिताच्या सरांना वाटतं हे शब्द भाषेच्या बाई शिकवतील, भाषेच्या बाईंच्या धड्यात ते येतच नाहीत. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी जूनमध्ये एकदा एकत्र बसून या मधल्या थराची यादी करावी आणि ते शब्द वाटून घ्यावेत, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

आता गोडीकडे येते, कारण शिक्षक मला मुख्यतः त्याविषयीच विचारतात. तास रंजक करायचा म्हटलं की आपण बाहेरून काही आणतो : रंगीत पट्ट्या, चक्र, टाळ्या, बक्षिसाचं चॉकलेट. मला त्यांचं वावडं नाही. पण शब्दाची खरी गोडी फरकात असते. जवळजवळ सारख्या दोन शब्दांत नेमकं काय वेगळं आहे, हे शोधताना अकरा-बारा वर्षांची मुलं जेवढी रमतात तेवढी क्वचितच कशात रमत असतील. या वयात त्यांना वाद घालायचा असतो, न्याय लावायचा असतो, 'असं कसं?' म्हणायचं असतं. शब्द त्यासाठी फार उत्तम जागा आहे.

एका जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या वर्गावर मी पाहुणी म्हणून तास घेत होते. पुस्तकातल्या समानार्थी शब्दांत 'राग'साठी क्रोध, संताप, कोप, रोष अशी ओळ होती. मी ती बाजूला ठेवली आणि फळ्यावर क्रियापदं लिहिली : रुसणे, चिडणे, वैतागणे, खवळणे, धुमसणे, फुरंगटणे. मग विचारलं, 'अनोळखी माणसावर रुसता येईल का?'

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, येतं की; एसटी थांबली नाही तेव्हा मी कंडक्टरवर रुसलो होतो. मागून एक मुलगी उठली. 'तू चिडला होतास. तू रुसलास काय, नाही रुसलास काय, कंडक्टरला त्याचं काय? रुसायला आपलं माणूस लागतं. समजूत काढायला कुणीतरी आलं पाहिजे ना!' वर्गाला ते पटलं. तेवढ्यात आणखी एकानं हात वर केला. 'पण पाऊस रुसतो. आजी म्हणते, औंदा पाऊस रुसला.' आता सगळे विचारात पडले. बराच काथ्याकूट होऊन निकाल लागला की शेतकऱ्याला पाऊस घरचाच वाटतो, त्याची तो समजूतही काढतो, म्हणून पाऊस रुसू शकतो. समुद्र मात्र खवळतो, तो कुणासाठी थांबत नाही. 'धुमसणे' कुणाला नीट सांगता येईना, तेव्हा घरी अजून चूल असलेल्या एका मुलीनं सांगितलं की ओली लाकडं धुमसतात. जाळ दिसत नाही, नुसता धूर येतो आणि डोळे चुरचुरतात. मग धुमसणारा माणूस ओरडेल का? नाही. त्याच्या जवळ बसवेल का? तेही नाही. वैतागायला कारण लहान लागतं, पण ते परत परत यावं लागतं. डास आणि दर अर्ध्या तासानं जाणारी वीज ही उदाहरणं त्यांनीच काढली. 'फुरंगटणे' एकालाही ठाऊक नव्हता. त्याचा अर्थ मी सांगितला नाही. भावाला मोठा लाडू मिळाला म्हणून धाकटी फुरंगटून बसली, असली तीन-चार वाक्यं दिली आणि त्यावरून त्यांनीच तो ओळखला. मधल्या सुट्टीत मैदानावर तो शब्द एकमेकांना चिडवायला वापरला जात होता. मैदानावर गेलेला शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही.

या तासाला खर्च आला तो खडूचा. मी विचारलेले प्रश्न अगदी साधे होते : हे कोण करतं, कुणावर करतं, किती वेळ चालतं, बाहेरून दिसतं कसं. हेच प्रश्न पाहण्याच्या शब्दांना लावून बघा : न्याहाळणे, निरखणे, डोकावणे, टकमक बघणे, डोळे वटारणे. आरसा आपण निरखतो का आरशात स्वतःला न्याहाळतो, यावर अर्धा तास सहज जातो. 'समानार्थी शब्द' या नावाऐवजी 'जवळचे शब्द' असं म्हणायला लागलो तर अर्धं काम होईल. समानार्थी म्हटलं की एक शब्द काढून दुसरा ठेवला तरी चालेल, असं मुलाला वाटतं. जवळचे म्हटलं की किती जवळचे, हा प्रश्न आपोआप येतो.

दुसरा एक शब्द सांगते. समूहदर्शक शब्द आपण मुलांकडून घोकून घेतो, कारण शिष्यवृत्ती परीक्षेत ते येतात : आंब्यांची अढी, केळ्यांचा लोंगर, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड. आंबे पिकायला गवतात घालतात हे ज्यानं पाहिलेलं नाही, तोही 'अढी' बरोबर लिहितो आणि गुण मिळवतो. यांतला 'उतरंड' मी मुद्दाम निवडते. मडकी आता घरात नसतात, पण स्टीलचे डबे असतात. मोठा डबा खाली, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी रचना टेबलावर करून दाखवायची. मग विचारायचं, सगळ्यात खालच्या डब्यातलं काही हवं असेल तर? सगळे वरचे उतरवावे लागतील. भार कुणावर सर्वांत जास्त? खालच्यावर. हे झालं की आठवीच्या मुलांना सांगायचं की समाजाविषयी लिहिताना मराठीत 'जातींची उतरंड' म्हणतात. मी हे करते तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि मग जी मुलं एरवी बोलत नाहीत ती बोलतात. खालच्या डब्याला वर काय आहे ते दिसत नाही, असं एक मुलगा म्हणाला होता. इतिहासाच्या पुस्तकात विषमतेवरचा परिच्छेद त्यानं त्यानंतर वाचला, तेव्हा त्याला तो समजावून द्यावा लागला नाही. एका शब्दाच्या घोकंपट्टीत केवढं हातचं जातं, ते अशा वेळी कळतं.

यावरून मी माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येते. मूल शाळेत येतं ते रिकामं येत नाही. त्याच्याजवळ घरचे, शेतातले, धंद्यातले शब्द असतात, आणि पुस्तकातला शब्द त्यांना जोडूनच पक्का बसतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांकडे जातात. त्यांची काही मुलं त्या हंगामापुरती कारखान्याजवळच्या शाळेत बसतात. बसतात, म्हणजे मागच्या बाकावर बसतात. तिकडच्या एका शिक्षिकेनं मला सांगितलेली गोष्ट आहे. वर्गात कर्ज, करार, परतफेड असे शब्द चालले होते आणि कुणालाच ते नीट कळत नव्हते. तिनं मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, 'उचल म्हणजे काय रे?' तो उभा राहिला आणि पहिल्यांदा सलग बोलला. मुकादम तोडीला जायच्या आधी पैसे देतो, ती उचल. ती तोडीतून फिटते. फिटली नाही तर पुढल्या साली परत त्याच मुकादमाकडे जावं लागतं. उचल मिळते ती कोयत्यावर. वर्गानं विचारलं, कोयता तर हत्यार आहे? तो म्हणाला, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. बाईंनी त्याच्या शब्दांसमोर पुस्तकातले शब्द लिहिले : उचल आणि आगाऊ रक्कम, फिटणे आणि परतफेड, मुकादम आणि मध्यस्थ. ज्यांच्या फडात त्याचे आई-बाप राबत होते, त्या बागायतदारांची मुलंही त्याच वर्गात होती, आणि तीही ऐकत होती. त्या दिवशी शब्दांहून पुष्कळ जास्त काही त्या वर्गानं शिकलं असणार.

हा मुलगा 'फिटली' म्हणाला तेव्हा कुणी त्याला 'परतफेड झाली असं म्हण' म्हणून अडवलं असतं, तर तो पुन्हा बोलला नसता. घरचा शब्द पुसून त्या जागी पुस्तकातला बसवायचा, ही पद्धत मला क्रूर वाटते आणि ती निरुपयोगीही आहे. दोन्ही शब्द शेजारी ठेवावेत. कुठला कुठे शोभतो, हे मुलांना फार लवकर कळतं.

मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून फलटणला आल्या. गावातल्या वेगवेगळ्या थरांतली माणसं कशी बोलतात, याच्या अभ्यासावर त्यांनी १९७३मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे १९८६मध्ये तिथेच कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. आधी गावाचं बोलणं कान देऊन ऐकलं, मग तिथल्या मुलांसाठी शाळा काढली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपले मोठे कोशही ऐकूनच झाले आहेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात ६०,०००च्या घरात शब्द आहेत, आणि त्यामागे शब्द गोळा करणाऱ्या पंडितांचे कष्ट आहेत. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. तो कोश उघडला की शब्दापुढे कंसात बारीक अक्षरं दिसतात : (कों.), (व.), (खा.). म्हणजे हा शब्द कोकणातला, हा वऱ्हाडातला, हा खानदेशातला. वऱ्हाडच्या कुणा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द तितक्याच मानानं कोशात बसला आहे.

माझं सुचवणं असं की प्रत्येक वर्गानं आपला कोश करावा. शंभर पानी वही पुरते. मुलानं घरातून, शेतातून, बाजारातून एक शब्द आणायचा. शब्द कुणाकडून ऐकला, त्या माणसाचं मूळ गाव कोणतं, आणि ते माणूस नेमकं कोणतं वाक्य बोललं, एवढं लिहायचं. वाक्य महत्त्वाचं, नुसता शब्द घेऊन येऊ नये. पेरायच्या अवजाराला एकाच्या घरी तिफण म्हणतात, दुसऱ्याच्या घरी पाभर. मालवणकडून बदलून आलेल्या घरातली मुलगी 'चेडू' आणि 'झील' आणते. मोटेचं पाणी आजोबांनी पाहिलेलं असतं, तर नाडा, सोंदूर, थारोळं, धाव हे सगळे शब्द एका संध्याकाळी मिळतात : मोटेच्या तोंडाचा जाड दोर तो नाडा, सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर, पाणी ओतलं जातं ते थारोळं, आणि बैल ज्या उतारावरून ये-जा करतात ती धाव. या शब्दांचा आज उपयोग काय, असं एका पालकांनी मला विचारलं होतं. मोट आता नाही, हे खरं. पण एका वस्तूच्या प्रत्येक भागाला नाव असतं आणि ते नाव नेमकं असतं, ही गोष्ट मूल त्यातून शिकतं. पुढे विज्ञानाच्या आकृतीला नावं देताना तीच सवय कामी येते. आणि आजोबा नातवाशी तासभर बोललेले असतात.

गणिताच्या शिक्षकांनाही थोडं सांगायचं आहे. भूमितीत 'कर्ण' येतो. मुलांना महाभारतातला कर्ण माहीत असतो, क्रिकेटचा कर्णधार माहीत असतो. कर्ण म्हणजे कान, हे कर्णबधिर आणि कर्णकर्कश यांवरून त्यांना काढता येतं. कर्ण म्हणजे सुकाणूही. ते धरणारा तो कर्णधार. हे सांगितलं की त्रिकोणातली ती तिरकी बाजू मुलं विसरत नाहीत. वर्तुळाची 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. फळ्यावर कंसाचं धनुष्य काढून दाखवलं की झालं. 'चलन' खिशात असतं आणि समचलनातही असतं, 'घात' विश्वासघातात असतो आणि घातांकातही. हे शब्द चोरपावलांनी दोन ठिकाणी वावरतात आणि मुलाचा गोंधळ होतो, म्हणून ते उघड करून सांगावेत.

प्रत्ययांचा खेळही या वयाला छान जमतो. झोपाळू, लाजाळू, विसराळू, कष्टाळू. मग 'अभ्यासाळू' का नाही, 'अभ्यासू' का? भांडखोर आणि चुगलीखोर आहेत, मग 'मदतखोर' का कानाला खटकतं? मुलं उदाहरणं गोळा करतात आणि त्यांच्या ध्यानात येतं की 'खोर' बहुधा वाईट सवयीलाच चिकटतो. व्याकरणाचा एक नियम त्यांनी स्वतः काढलेला असतो. शब्द कुणीतरी घडवतं, हेही त्यांना कळायला हवं. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. 'महापौर', 'दिनांक' हे सावरकरांनी रूढ केलेले शब्द आज कुणाला नवे वाटत नाहीत. 'स्क्रीनशॉट'ला मराठी शब्द काढा म्हटलं, तर सातवीचा वर्ग कितीतरी शब्द काढतो आणि त्यांतला कुठला टिकेल यावर मतदानही घेतो.

खेळांबद्दल थोडक्यात. ज्या खेळात शब्दाचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तो खेळ चांगला. मूकाभिनयानं 'डोकावणे' आणि 'न्याहाळणे' वेगळे करून दाखवा, हा चांगला. नुसत्या अक्षरांच्या भेंड्या करमणुकीला ठीक. घड्याळ लावून घेतलेल्या शर्यतींना माझा विरोध आहे, कारण त्यांत नेहमी तीच चार मुलं जिंकतात आणि बाकीची शब्दांपासून लांब जातात.

वाचन मात्र सोडू नका. सातवीच्या मुलांनाही मोठ्यानं वाचून दाखवावं. ती आता मोठी झाली म्हणून आपण ते बंद करतो आणि फार काही गमावतो. 'किशोर' मासिक १९७१पासून बालभारती काढते आहे, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचता येतात. रोज दहा मिनिटं वाचून दाखवावं, एखाद्या शब्दापाशी थांबावं, पुढे जावं.

'हे सगळं करायला वेळ कुठे आहे? पोर्शन कधी संपवायचा?' हा प्रश्न आता येणारच, आणि तो खरा आहे. धड्याखालचे वीस शब्द पाठ करून घेण्यात जो वेळ जातो, त्यात सहा-सात शब्द नीट शिकवून होतात. बाकीच्यांचा अर्थ जाता जाता सांगावा. निवडलेले शब्द आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्यावेत आणि प्रत्येक शिक्षकानं आपापल्या तासाला ते एकदा तरी वापरावेत. बारा भेटी अशाच भरतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत विज्ञान-गणिताचे मराठी शब्द मुलांच्या कानावर येणंच थांबलं आहे. तिथे तर हे मराठीच्या शिक्षकांनाच करावं लागेल. आणि प्रश्नपत्रिका बदलायला हवी. 'अर्थ लिहा' असं विचारलं तर मुलं अर्थच पाठ करणार. त्याऐवजी विचारावं : 'कृश' पुढीलपैकी कशाला म्हणता येणार नाही आणि का? 'परिणामी' वापरून दोन वाक्यं जोडा. 'रुसणे' आणि 'चिडणे' यांचा फरक एका प्रसंगातून दाखवा. घटक चाचणी शाळेच्या हातात असते, तिथे हे आजही करता येईल. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.

शेवटी एक विनंती आहे. व्याख्यानाआधी मी इथल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांशी बोलले. गावातल्या आणि आसपासच्या शाळांनी केलेले वर्गकोश ठेवायला ते संदर्भ विभागात एक कपाट द्यायला तयार आहेत. वहीवर शाळेचं नाव, इयत्ता आणि वर्ष घालावं. पहिल्या पानावर शब्द देणाऱ्या माणसांची नावं लिहिण्याआधी त्यांना विचारून घ्यावं. वह्या वार्षिक परीक्षेनंतर, सुट्टी लागायच्या आत पोचवाव्यात म्हणजे उन्हाळ्यात त्यांची सूची करता येईल. सूचीच्या कामाला चार-पाच जण लागतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी खाली उतरताना आपलं नाव ग्रंथपालांकडच्या वहीत लिहून जावं.